दिपाच्या सावलीनं बंद पडणारी गाडी

वारंगा फाट्यावर त्या दिवशी माणसं एवढी दाटली होती की कळमनुरीच्या एसटीला वाट मिळेना. अपघात वगैरे काही नव्हता. चहाच्या टपरीशेजारच्या कडुनिंबाखाली इंजिनबाबा एका मोटारीचं भूत उतरवत होते.

त्याच एसटीनं जायला टपरीवर थांबलेल्या किशनरावांनी कपाळाला हात लावला. तीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवलं होतं, आणि त्याच तीस वर्षांत पाण्यानं दिवा पेटवणारे, नारळातून कुंकू काढणारे, विहिरीतलं धन दाखवणारे सगळे नग पाहिले होते. एकाला उघडं पाडावं, तर दुसरा हजर! रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं होतं, आता बास. गुडघे दुखतात, घसा बसतो, कुणाशी वाद घालायचा नाही.

"पाहून राहिले ना सर?" टपरीवाली जनकाबाई चहा देत म्हणाली. "नुसतं मोरपीस फिरवतेत बाबा, अन् गाडीचा ठसका गप! तांड्यावरच्या देविदासची गाडी हाय. त्याची बायको दिपा, तिला आठवा लागलाय. ती बसली की गाडी मरती म्हणे."

"पाहून राहिलो बाई," किशनराव म्हणाले. "दुसरं काय करू?"

गाडी पंचवीस वर्षांची होती, जुन्या कार्ब्युरेटरची. तांड्यावर तेवढी एकच. इंजिन चालूच होतं. बाबा मोरपिसांचा झुबका घेऊन बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरले होते आणि आतून आवाज येत होता, "कळीकाळ, पिस्टन-पाताळ, सायलेन्सरवाटं बाहेर पड!"

मग बाबांनी फर्मावलं, "सूनबाई, बस गाडीत."

दिपा बसली. बाबांनी आत मोरपीस फिरवलं, आणि इंजिन ठसकायला लागलं. गाडी थरथरली, मागून काळा धूर निघाला. "उतर!" बाबा ओरडले. ती उतरली, मोरपीस पुन्हा फिरलं आणि इंजिन सुरळीत चालायला लागलं. गर्दीनं हातच जोडले.

"पाहिलं? पांढऱ्या पायाची हाय," बाबा म्हणाले. "बाळंत होईपर्यंत हिनं कुठल्याच गाडीत पाय ठेवायचा न्हाई. ठेवला तर गाडी बी जाईल अन् वंश बी."

"बाबा, मला दर आठ दिवसाला दवाखान्यात बोलावलंय," दिपा रडवेली झाली. "बीपी वाढलंय. पाय पाहा कसे सुजलेत."

"घरीच करू बाळंतपण," सासू निर्मलाबाई म्हणाली. "आमी न्हाई केले का?" देविदास खाली मान घालून उभा होता.

किशनरावांनी त्या सुजलेल्या पायांकडं पाहिलं आणि त्यांचा चहा कडू झाला. मेलं, उठावंच लागणार. गुडघ्याला हात देत ते उठले.

"बाबा, एकदा बॉनेट बंद करून बसवा की तिला."

"मास्तर, देवाची परीक्षा पाहू नये."

"देवाची न्हाई हो. कार्ब्युरेटरची पाहून राहिलो." त्यांनी स्वतःच बॉनेट लावलं. "बस गं पोरी."

दिपा डोळे मिटून बसली. एक मिनिट झालं, दोन झाली, घड्याळ पाहून पाच झाली. इंजिन आपलं चाललेलं. गर्दी कुजबुजायला लागली.

"आता निर्मलाबाई, तुमी बसा." त्यांनी सुनेला उतरवलं, सासूला बसवलं, जनकाबाईची लिंबू कापायची सुरी घेतली आणि बॉनेट उघडून आत वाकले. गाडीनं ठसका दिला. काळा धूर!

"अगं माय माय!" निर्मलाबाई किंचाळत खाली उतरली.

"काहून बाई? तुमचा बी पाय पांढरा झाला का?"

पोरं फिदीफिदी हसली. किशनरावांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी देविदासला जवळ ओढलं. "कार्ब्युरेटरचा हा बारका स्क्रू पाहा. गाडी उभी असताना हवेत पेट्रोल किती मिसळायचं, ते हा ठरवतो. निर्मलाबाई, चुलीत लाकडं कोंबली अन् हवाच दिली न्हाई, तर काय व्हतं?"

"धूर व्हतो. मग जाळ विझतो."

"बराबर. इथं बी तेच. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं. पळत्या गाडीला फारसं जाणवत न्हाई, उभीला जाणवतं."

"पण सर, घरी दिपाच बसली की बंद पडती," देविदास म्हणाला. "म्या डोळ्यानं पाहिलंय."

"ती बसायच्या टायमाला काय करता?"

"दृष्ट काढते की!" निर्मलाबाई म्हणाली. "पोटुशी बाई. मीठ-मोहऱ्या सात वेळा उतरवते, तिच्यावरून अन् गाडीवरून."

"गाडी चालू ठेवून?"

"चालूच," देविदास म्हणाला. "बॅटरी उतरलेली. धक्का मारून चालू केलेली गाडी कोण बंद करतो?"

"म्हणजे बाकीचे बसले की तुमी लगेच निघता. हिच्या टायमालाच गाडी पाच मिनिटं उभी राहती, अन् उभी राहिली की मरती. लेकराचा काय गुन्हा त्यात?" किशनरावांचा आवाज चढला. "अन् स्क्रूला जागेवर धरणारी स्प्रिंगच कुणीतरी काढलीय. हादऱ्यानं तो ढिला व्हतो, तुमी पुन्हा बाबाकडं. कितव्यांदा आले?"

"तिसऱ्यांदा," देविदास हळूच म्हणाला. मग तो बाबांकडं वळला आणि मोरपिसांचा झुबका त्यानं हिसकावला. दांड्यातून एक छोटा स्क्रू ड्रायव्हर खडीवर पडला.

किशनरावांनी खिशातलं बॉलपेन उघडलं, त्याची स्प्रिंग तोडून स्क्रूवर बसवली आणि तो स्क्रू ड्रायव्हर दिपाच्या हातात दिला.

"मी?"

"तूच. हलक्या हातानं फिरव. इंजिन जिथं सगळ्यात निवांत वाटंल, तिथं थांब."

निर्मलाबाईचा हात सुनेला अडवायला पुढं झाला आणि तसाच राहिला. दिपानं स्क्रू फिरवला. धूर विरळ झाला. "जरा पुढं गेलीस, मागं ये," किशनराव म्हणाले. ती मागं आली. थरथर थांबली. इंजिनचा एकसारखा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सर, म्हणजे माझ्यामुळं न्हाई ना?" तिनं विचारलं, आणि ती रडायला लागली.

"न्हाई गं बाई. कधीच नव्हतं."

तेवढ्यात बाबा निसटले. दोघंतिघं अजूनही त्यांच्या पाया पडायला मागं धावत होते. किशनरावांनी ते पाहिलं आणि त्यांना फार थकल्यासारखं झालं. एसटीही गेली होती. तरी ते उरलेल्यांना म्हणाले, "बाबांनो, गाडी बिघडली तर गाडी तपासा. घरातली बाई तपासू नका. एवढं केलं तरी पुष्कळ झालं."

निर्मलाबाईनं सवयीनं कमरेची मीठ-मोहऱ्यांची पुडी काढली होती. चालू गाडीकडं तिनं पाहिलं, पुडी परत खोचली आणि स्वतःच गाडीचं दार उघडलं.

"बस पोरी," ती म्हणाली. "दवाखान्याला उशीर नको."