काठाची झीज

शिपायाने काचेच्या पेटीचा चौथा स्क्रू काढला, आधीच्या तिन्हींशेजारी तळहातावर ठेवला आणि हात आक्कापुढे धरला.

"मोजून घ्या. नंतर म्हणाल, एक गिळला."

आक्काने खरोखरच मोजले. स्वभावच तसा होता. शिंप्याकडून कपडे आले की ती आधी बटणे मोजायची. दुधाने तोंड पोळलेले नसतानाही ताक फुंकून प्यायची. चौऱ्याहत्तर वर्षांत तिला फारसे कुणी फसवले नव्हते, आणि ते आपल्या संशयामुळेच, याबद्दल तिला तिळमात्र संशय नव्हता.

सोमवार असल्यामुळे संग्रहालय बंद होते. एके काळी हीच इमारत शहराचा धान्यबाजार होती. लोखंडी खांबांवर उंच छप्पर, आणि जिथे पोत्यांच्या थप्प्या लागायच्या तिथे आता काचेच्या पेट्या. मधल्या पेटीत पितळेचे माप होते. खाली पाटी होती: 'शहराचे प्रमाण माप. बाजारातील प्रत्येक माप यावरून तपासले जाई.' त्याखाली आक्काच्या आजोबांचा हुद्दा, मापनिरीक्षक, आणि त्यांचे नाव.

पन्नास वर्षे हे माप संग्रहालयाच्या कोठीत पडून होते. महिन्यापूर्वी नवे दालन उघडले तेव्हा ते पहिल्यांदा बाहेर आले. आक्काला पहिल्या रांगेत बसवले होते, हातात फूलही दिले होते. भाषणे संपल्यावर ती पेटीपाशी गेली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, आणि फूल तिथेच ठेवून घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज केला: माप बदलले आहे. उत्तर आले नाही म्हणून दुसरा केला. तिसऱ्यात तिने लिहिले की कोठीच्या किल्ल्या तीस वर्षे ज्याच्याकडे आहेत त्याला विचारा.

तो हाच शिपाई. तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता.

"काच मी पुसायची, कुलूप मी लावायचं, मग चोरी तरी दुसऱ्या कुणी का करावी?" माप उचलता उचलता तो म्हणाला.

"मी नाव घेतलेलं नाही तुमचं," आक्का म्हणाली.

"नाव नाही घेतलंत. नुसता पत्ता दिलात."

मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला हसू आले आणि त्याने ते खोकल्यात बुडवले. सत्तरीला आलेल्या, डोक्यावर केस न उरलेल्या या भावाला आक्का अजून छोट्या म्हणत असे. आज तो आपण होऊन आला होता, याचेही तिला नवल वाटले होते. महिनाभर तो एकच पालुपद लावून बसला होता, आक्का, जाऊ दे.

संग्रहपाल बाईंच्या खोलीत टेबलावर जाड कापड अंथरलेले होते. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ, पण कागदाच्या पक्क्या. त्यांनी आधीच सांगून टाकले.

"आजी, आज आपण दोघी मिळून तपासू. त्यानंतरही तुमचा अर्ज कायम राहिला, तर मला तो वर पाठवावा लागेल. शिपाईमामांवर चौकशी बसेल. ती संपेपर्यंत त्यांची निवृत्ती अडकेल, आणि माप व पाटी दोन्ही काढून ठेवावी लागतील."

"खरं असेल तर काढायलाच हवी," आक्का म्हणाली. "आमच्या आजोबांच्या नावाखाली खोटं माप ठेवायचं? मापात पाप नको, हे ज्यांनी गावाला शिकवलं त्यांच्या?"

शिपाई दारापाशी उभा राहिला. बसा म्हटले तरी बसला नाही.

आक्काने हातमोजे घातले. ते तिच्या बोटांना मोठे होत होते. मग एक बोट तिने मापाच्या काठावरून सावकाश फिरवले, एक पूर्ण फेरा, मग दुसरा. काठ सगळीकडे सारखा होता. तिने मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर कोर्टात जिंकलेल्या माणसाचे समाधान होते.

"हे आमचं नाही."

"कशावरून?"

"आजोबा डावखुरे होते. माप पाण्याने काठोकाठ भरायचं, वरून जाड काच सरकवायची, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं आणि माप नेमकं भरतं. काचेखाली बुडबुडा दिसला तर पाणी कमी. ते काच नेहमी डावीकडून सरकवायचे. रोज पन्नास-साठ वेळा, वर्षानुवर्षं. त्या बाजूचा काठ झिजून धारेसारखा झाला होता. पाणी ओतायचं काम माझं, आणि बुडबुडा बघायचं पण. नऊ वर्षांची होते मी. भर बाजारात ओरडून सांगायचे, बुडबुडा नाही. मग ते पाणी व्यापाऱ्याच्या मापात ओतायचं आणि तेही बरोबर भरलं की आजोबा शिक्का मारायचे. माझा शब्द झाल्याशिवाय शिक्का पडत नसे."

हे तिने आयुष्यात इतक्यांदा सांगितले होते की शब्द आपोआप रांगेत येत. सासरी सांगितले, मुलांना सांगितले, नातवंडांना तर ती गोष्ट सुरू होण्याआधीच पाठ असायची.

बाईंनी ऐकून घेतले. मग कपाटातून एक रुंद, पाठीला कापड लावलेली नोंदवही काढली आणि खुणेचे पान उघडले.

"तुमच्या वडिलांनी माप दिलं त्या दिवसाची ही नोंद. वाचते. 'पितळी प्रमाण माप, दोन कड्या. काठ सर्व बाजूंनी एकसारखा. आतून स्वच्छ.' हे वजन. आणि हा त्या दिवशीचा फोटो."

फोटो पिवळा पडला होता, पण काठ स्पष्ट दिसत होता. बाईंनी माप काट्यावर ठेवले. नोंदीतले वजन आणि काट्यावरचे वजन, दोन्ही आकडे तेच.

"म्हणजे इथं आलं तेच इथं आहे," बाई म्हणाल्या.

दारातून शिपायाचा लांब श्वास ऐकू आला. त्याने बोलायला हवे होते असे आक्काला वाटले, एखादा टोमणा तरी.

नोंदीखाली वडिलांची सही होती. त्याखाली साक्षीदार म्हणून दुसरी, वळणदार, कॉलेजातल्या पोराची. सही करताना शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड छोट्याला अजून होती.

आक्काने भावाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, एक भिंत होती.

माप इथे बदलले नाही, तर घरून निघण्याआधी बदलले. ती तेव्हा सासरी होती. घरात हे दोघेच. संशयाचे बोट तिने शिपायावरून उचलले आणि क्षणभर त्याला कुठे ठेवावे हे तिला कळेना. विकले असेल का याने? चार मित्र होते तेव्हा त्याचे, एकेक नग.

"आमच्या मापाची आणखी एक खूण होती," ती म्हणाली. बोलत होती बाईंशी, डोळे भावाच्या मानेवर. "आत तळाला कथील ओतलेलं होतं. भाकरीएवढा पांढरा थर. एकदा गळायला लागलं होतं म्हणून आजोबांनी ओतून घेतलं होतं. हे ज्याने बदललं, त्याला ते माहीत असणार."

"आक्का, चल आता," भाऊ म्हणाला.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. ती संशयाची नव्हती, अभ्यासाची होती.

"कथील? मग ते प्रमाण माप नसणार, आजी. तुमची काही तरी गल्लत होतेय. प्रमाण माप गळलं तर मोडीत काढायचा नियम होता, त्याला हात लावायला परवानगी नसे. तळाला थर दिला की आतली जागा कमी होते ना. मूठभर तरी कमी मावेल. त्यावरून बाजार तपासला तर सगळ्या शहराची मापं लहान होतील." त्या हसल्या. "तुमचे आजोबा असं कसं करतील? घरातलं दुसरं एखादं माप आठवत असेल तुम्हाला. थांबा, मी अर्ज मागे घ्यायचा कागद छापून आणते. मामा, जरा छापायचं यंत्र चालू करता?"

दोघे बाहेर गेले. खोलीत बहीण, भाऊ आणि माप उरले.

आक्काने हातमोजे काढले नाहीत. तिच्यासमोर बाजार उभा राहिला होता. आजोबांच्या मापातले पाणी व्यापाऱ्याच्या मापात ओतायचे. ते कधी सांडत नसे. उलट नव्या मापात काठाखाली बोटभर जागा उरायची आणि आजोबा म्हणायचे, माप मोठं आहे, काठ उतरव. व्यापारी कानस घेऊन बसायचा. सगळ्यांचीच मापे मोठी. नऊ वर्षांच्या आक्काला वाटायचे, किती उदार माणसे ही, गिऱ्हाइकाला जास्तच द्यायला बघतात, आजोबाच त्यांना आवरतात.

"दोन होती," भाऊ म्हणाला. त्याने तोंड खिडकीकडेच ठेवले होते. "हे माळ्यावर होतं, लाकडी खोक्यात, कापडात गुंडाळलेलं. वर्षातून एकदा साहेब तपासणीला यायचा तेव्हा हे काढायचे. बाकी वर्षभर ते दुसरं."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. हे इथं आणलं त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि ते दुसरं?"

"बाबांनी हातोड्याने चेपलं. मी धरलं होतं. बाबा रडत होते. हातोडा मारतायत आणि रडतायत. मला वाटलं, बोटं जातात आता माझी."

आक्काने माप हळूच दूर सरकवले.

"आपल्या घरी धान्य कधी विकत आणलेलं आठवतं तुला?" भावाने विचारले.

तिला आठवत नव्हते. पोती दाराशी यायची. लोकांचा आजोबांवर फार जीव, असे आजी सांगायची, आणि आक्काही पुढे तेच सांगत आली होती.

"मला का नाही बोललास? पन्नास वर्षं, छोट्या."

"काय बोलणार? तू दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत असायचीस, बुडबुडा नाही, बुडबुडा नाही. एकदा तुझ्या नातीने शाळेत निबंध लिहिला त्यावर. बक्षीस मिळालं तिला." त्याने आता कुठे तिच्याकडे पाहिले. "तुझ्या डोक्यात हे घालून मला काय मिळणार होतं? आणि आता कोण विचारतंय? शिपाई सुटला. आजोबांची पाटी राहिली. कागदावर सही कर आणि चल. बस गेली तर तासभर बसावं लागेल."

बोलणे बरोबर होते. आक्काने मनातल्या मनात ते उलटेपालटे करून पाहिले, बाजारातून आणलेली भाजी पाहावी तसे, आणि किडके कुठे दिसले नाही. कुणाचेच वाईट होत नव्हते. ज्यांच्या पदरात मूठ मूठ कमी पडली ती माणसे कधीच निघून गेली होती. सकाळी धान्य घ्यायला पदर पुढे करून उभ्या राहणाऱ्या बायका तेवढ्या तिला अजून दिसत होत्या. त्या तिच्याकडे पाहून हसायच्या. निरीक्षकांची नात म्हणून.

बाई कागद घेऊन आल्या. मागून शिपाई आला, त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्याने आक्कासमोर ठेवला.

"घ्या. बघून घ्या हवं तर, काही घातलेलं नाही."

"मामा," आक्का म्हणाली, "मी चुकले तुमच्या बाबतीत."

शिपायाला हे अपेक्षित नसावे. त्याने मान हलवली आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभा राहिला.

"इथं सही," बाई म्हणाल्या. "आणि या मोकळ्या जागेत, माप तुमच्याच घरचं आहे एवढं तुमच्या अक्षरात लिहिलंत की झालं."

आक्काने हातमोजे काढून शेजारी ठेवले आणि पेन घेतले. तिने लिहिले: 'हे माप आमच्या घरचे आहे. ते देताना जसे होते तसेच आहे.' भावाने सुस्कारा सोडला, पिशवी उचलली आणि तो दाराकडे वळला. आक्काने सही केली नाही. पेन कागदावर तसेच टेकलेले होते. मग तिने आणखी एक ओळ लिहिली, तिच्याखाली सही केली आणि कागद सरकवला.

बाईंनी वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"'बाजारात ते कधी वापरलेले नाही.'" त्यांनी मान वर केली. "म्हणजे? आजी, पाटीवर तर आपण लिहिलंय... मग बाजारात वापरायचे ते कुठलं?"

दारात शिपाई होता आणि त्याच्याजवळ पिशवी घेतलेला भाऊ.

आक्का पाणी प्यायली, तिने पेला बाजूला ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "सावकाश सांगते."

भाऊ थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तो परत आला, पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.