घोंगडीखालची मास्ट पेशी

मित्रांनो, मी एक वयस्क मास्ट पेशी आहे. पिशोरच्या आवडाबाईंच्या डाव्या दंडाच्या कातडीत माझं घर आहे. हाडाच्या मज्जेत मी जन्मले, रक्तातून वाहत आले आणि इथेच मोठी झाले. माझ्या पोटात हिस्टामिन नावाच्या द्रव्याच्या बारीक पुड्या असतात. काटा रुतला किंवा जंतू शिरला, की पुड्या फोडून रक्तवाहिन्या सैल करायच्या आणि मदतीला येणाऱ्या पेशींना वाट करून द्यायची, हे माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं.

मग एका वर्षी काय बिनसलं कोणास ठाऊक! आवडाबाईंच्या रक्तातले राखणदार, म्हणजे प्रतिपिंडंच, आम्हाला डिवचू लागले. काटा नाही, जंतू नाही, तरी पुड्या फुटायच्या. अंगभर लालभडक गांधी उठायच्या, ओठ सुजायचा. बाई नखांनी कातडी ओरबाडायच्या. नखांत अडकलेल्या त्या रक्ताची आणि मळाची मला शिसारी येई.

गावात याला पित्त म्हणतात. आवडाबाईंच्या थोरल्या जाऊबाई, साळूबाई, मोठ्या मायेने अंगाला गेरू फासायच्या, घोंगडीत गुंडाळायच्या आणि खसाखसा घासायच्या. शी! तो चिकट गेरू, तो आंबट घाम, ती कुबट लोकर! घासण्याने आणि उबेने माझ्या उरल्यासुरल्या पुड्याही फुटत. नव्या गांधी दिसल्या, की साळूबाई खूश.

"बघ, समदं पित्त भाईर येतंय!" असं म्हणून त्या आणखी जोर लावत.

अशातच लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पाय पसरून नातवाला न्हाऊ घालायचं, हा आजीचा मान. पण आवडाबाईंचे हात पाहून वच्छलानेच बाळ छातीशी ओढलं.

"आई, तू नको गं. त्याला लागंल."

मित्रांनो, तिच्या तोंडावरची ती किळस पाहून मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई एसटी धरून शहरात, क्रांती चौकाजवळच्या डॉक्टर रईसांकडे गेल्या. डॉक्टरांनी पेनाच्या टोपणाने हातावर रेघ ओढली. पाहता पाहता रेघ टरारून फुगली.

"मावशी, घासणं बंद करा. गोळी रोज घ्यायची, अंग साफ दिसलं म्हणून सोडायची नाही. श्वास अडला तर मात्र तडक दवाखाना."

"म्या नातवाला घेऊ का?" बाईंनी एवढंच विचारलं.

"खुशाल घ्या. हे कुणाला लागत नाही."

गोळीने माझ्या पुड्या फुटायच्या थांबत नाहीत. फुटलेलं द्रव्य ती कुठे चिकटू देत नाही. खाज बरीच उतरली, पण मनगटावर दोन गांधी राहिल्याच. आईने घरी येऊन सांगितलेलं डॉक्टरांचं बोलणं ऐकून वच्छला ओशाळली. तिने बाळ न्हाऊ घालायला आईच्या पसरलेल्या पायांवर ठेवलं. आवडाबाई मात्र हात लुगड्याला पुसतच राहिल्या.

"नगं बाई, मलाच कसंसं व्हतंय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, खाजेवर गोळी आहे, पण लोकांनी तोंड फिरवल्यावर माणसाला स्वतःची जी घाण वाटू लागते तिच्यावर नाही. म्हणून कुणाच्या अंगावर गांधी दिसल्या तर घासू नका, नाक मुरडू नका. वच्छलाने शेवटी केलं तसं करा. तिने आईचा तो गांधी उठलेला हात धरला आणि बाळाच्या ओल्या पाठीवर ठेवला.