वाळ्याचे पडदे

चैत्र सरत आला की गिरणीच्या वीजघरातली गॅस टर्बाइन धापा टाकू लागे. नागपूरचं ऊन ते. तापलेली हवा विरळ होते, आणि मशीन हवेवरच जगतं. जेवढा भरघोस श्वास, तेवढी वीज. डिझेल तेवढंच जाळायचं आणि वीज मात्र कमी द्यायची, अशी तिची उन्हाळ्यातली तऱ्हा. वीज कमी पडली की साहेब आधी कामगारांच्या वसाहतीची लाइन तोडत. तरी भागलं नाही तर गिरणीचं दोन नंबरचं खातं बंद, आणि तिथले बदली कामगार पाऊस पडेपर्यंत घरी.

देवराव या वीजघराचा असिस्टंट इंजिनीअर. मूळचा काटोलकडचा, राममंदिरात कीर्तन असलं की झांजा घेऊन बुवांच्या मागे उभा राहणारा. घरी खिडकीला वाळ्याचा पडदा लावून, त्यावर पाणी मारून तो दुपारची डुलकी काढायचा. एकदा अशीच डुलकी घेताना त्याच्या मनात आलं, की आपल्याला हा गारवा, मग त्या टर्बाइनला का नको? ती जिथून हवा ओढते, तिथेच असे पडदे लावले तर?

मनोहरराव साहेब पोट धरून हसले होते. "देवराव, टर्बाइन आहे का दिवाळसणाचा जावई? त्याले वाळ्याचा वारा घालून राहिले!"

तीन उन्हाळे देवराव मागे लागला, तेव्हा कुठे साहेब म्हणाले, "बरं, एक उन्हाळा देतो. पण काही वाकडं झालं तर पडदे गेले म्हणून समजा. पुन्हा नाव काढायचं नाही."

पडदे लागले. वरून पाणी झिरपायचं, वाळा भिजायचा, मागच्या लाकडी पट्ट्या उडते थेंब अडवायच्या, आणि गार, घट्ट हवा मशीनच्या पोटात जायची. भर दुपारी मशीन हिवाळ्यासारखं चालू लागलं. वसाहतीतले पंखे थांबले नाहीत. दोन नंबरचं खातं सुरू राहिलं. वीजघरात वाळ्याचा असा घमघमाट सुटायचा, की आत येणारा माणूस नकळत चपला बाहेर काढायचा.

पाणी मात्र चांगलं लागायचं. गिरणीच्या बोअरचं पाणी इतकं खारट, की चूळ भरवत नसे. म्हणून क्षार काढलेल्या गोड्या पाण्याची एक टाकी पडद्यांसाठी ठेवली होती.

त्या वर्षी अर्ध्या चैत्रातच वसाहतीच्या विहिरीनं तळ दाखवला. बाया चिखल उपसू लागल्या. लेकरं हगवणीनं आडवी झाली. त्याच दिवसांत राममंदिरात नानाजी बुवांचं कीर्तन होतं. उत्तररंगात त्यांनी उपाशी राजाची कथा लावली. राजानं ओठाशी नेलेलं पाण्याचं भांडं दारच्या तहानलेल्याला दिलं, तेव्हा सभा हुंदक्यात बुडाली. आणि बुवा मागे वळून म्हणाले, "देवराव, तुमच्या मशीनले गोड पाणी अन् लेकरायले चिखल? हे कोणत्या शास्त्रात लिवलं आहे गा?"

देवरावनं झांजा खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीचा मागचा नळ वसाहतीकडे सोडला. मंदिरापुढच्या पाणपोईवर रांजण भरले. पाणपोई सांभाळणारी प्रयागबाई म्हणाली, "देवरावभाऊ, कोटकल्याण होईन तुमचं! पाणी हाय का साखर?"

आणि पडद्यांवर त्यानं बोअरचं पाणी घेतलं. त्याचा हिशेब चूक नव्हता. पाणी उडून जातं, मीठ वाळ्यातच राहतं, थेंब पट्ट्या अडवतात. एवढ्या उन्हाळ्याचाच तर प्रश्न होता.

बायको, सत्यवती, तेवढी म्हणाली होती, "साहेबाले सांगून करा नं."

"त्यानं नाही म्हटलं तं मंग काय करू वं? रांजण उपडे करू?"

मध्ये अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. घरोघर पितरांच्या नावानं पाण्याचे करे पुजले गेले, गिरणीला सुट्टी होती, मशीन बंद. दिवसभराच्या झळांनी पडदे कोरडेठाक झाले आणि वाळ्यावरचं मीठ पिठासारखं सुटं झालं. पडद्यांचा पंप चालायचा मशीनच्याच विजेवर. म्हणजे सकाळी आधी मशीन, मग पाणी, हीच रीत. थेंबांचा विचार देवरावनं केला होता. धुळीचा केला नव्हता. मशीननं पहिला श्वास घेतला तो मिठाचा. पुढच्या पात्यांवर पांढरा थर बसला, हवा कोंडली, उलटली, आणि तोफ डागल्यासारखा आवाज झाला. पाती तडकली.

चौकशीत देवराव हात जोडून म्हणाला, "साहेब, पडद्यायचा दोष नाही. पाणी मी बदललं. मले काय शिक्षा द्यायची ते द्या, पण पडदे ठेवा. बिना पडद्याचं खातं बंद होते."

"अन् गोडं पाणी कुठे गेलं?"

"वसाहतीले देल्लं."

साहेबांनी वसाहतीला बोलावलं. तोवर कुजबुज पसरली होती, की ज्यानं ते पाणी नेलं त्याची खोली जाणार. एकेक जण आला आणि नकाराची मान हलवून गेला. प्रयागबाई पदर सावरत म्हणाली, "आमी तं बापा विहिरीचंच पेतो. टाकी कोणती, आमाले काय ठावं?"

देवराव नानाजींच्या घरी गेला. "बुवा, तुमी येक शब्द बोला. तुमचं ऐकतीन."

नानाजींनी पोथी बंद केली. "मी देवाचं नाव घेणारा माणूस गा. टाक्या-नळातलं मले काय समजते?"

साहेबांनी निकाल दिला: वसाहतीनं पाणी नेलंच नाही, म्हणजे एवढी टाकी पडदेच पिऊन गेले, ही पद्धतच नुकसानीची. मशीनला नवी पाती बसली, पडदे उतरले. देवरावची रवानगी गोदामात झाली. चांगला वाळा वाया कशाला घालवा, म्हणून तो बंगल्यांच्या कूलरांना गेला.

पुढच्या वैशाखात दोन नंबरचं खातं बंद होतं. राममंदिरात नानाजी तीच कथा सांगत होते. देवराव मागे झांजा घेऊन उभा होता. कथेवर त्याचा राग नव्हता, कथेनं काय केलं होतं? राजानं भांडं उचललं आणि लाइन गेली. पंखे थांबले, देवळावरचा भोंगा मुका झाला.

अंधारात प्रयागबाई करवादली, "कशी मशीन हाय बापा ही! या वीजघरवाल्यायच्या जिवाले काही दयामाया हाय का नाही?"

चार-दोन जण हसले. कुणीतरी कंदील लावला. पाणपोईवरचे रांजण उपडे दिसले. देवळामागच्या साहेबांच्या बंगल्याची लाइन कधीच तुटत नसे. तिथल्या कूलरची झुळूक आली आणि देवळात वाळ्याचा वास पसरला.

"आहा!" नानाजी डोळे मिटून म्हणाले, "देवाची किरपा! झांज काहून थांबली गा, देवराव? राजा भांडं घेऊन उभा हाय."

देवरावनं झांज उचलली, आणि राजानं पुन्हा पाणी देऊन टाकलं.