दोन रकाने

शालूच्या गाठीचं काय करायचं ते ठरवायला कल्याणला तिच्या घरी सगळे जमले होते, आणि शालू स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पोहे परतत होती. हरिहरला दारातच फोडणीचा वास आला.

शालू त्याची धाकटी बहीण, बावन्न वर्षांची. छातीतली गाठ कॅन्सरचीच होती, पण लहान असतानाच सापडली होती. डॉक्टरीणबाईंनी शालूच्या हातात एक कागद दिला होता. त्यावर दोन रकाने. एकात फक्त गाठ काढून नंतर किरणं, दुसऱ्यात अख्खा स्तन काढणं. तिचा नवरा पोपटराव, त्यांनी तिथल्या तिथेच तो कागद तिच्याकडून घेऊन खिशात घातला होता. आता तो टीपॉयवर शेवेच्या बशीखाली होता. तेलाचा डाग पडला होता.

"काढायचं तर सगळं काढा," पोपटरावांचे थोरले भाऊ शिवराम म्हणाले. "ठेवून रोजची धाकधूक कशाला? आणि या वयात ते ठेवून करायचंय काय?"

ते हसले. पोपटरावही हसले. स्तन हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, 'ते' म्हणत होते.

हरिहरला शिसारी आली. हेच वाक्य, हसण्यासकट, दोन वर्षांपूर्वी ठाकुर्लीत स्वतःच्या घरात तो बोलला होता.

"दादा, तुम्ही यातून गेलायत," पोपटराव म्हणाले. "वहिनींच्या तर दोन्ही बाजू काढलेल्या ना? सेफ म्हणून?"

"हो. सेफ म्हणून."

त्याच्या बायकोची, आसावरीची गाठ डावीकडे होती. उजवीकडे काही नव्हतं. घराण्यातला दोषही तपासणीत निघाला नव्हता. उजवी बाजू काढून आयुष्य वाढणार नाही, जखमा मात्र दोन होतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हरिहर म्हणाला, काढूनच टाका, पुढची कटकट नको. आसावरी शेजारच्या खुर्चीत पर्सची चेन उघडमीट करत बसली होती. सही तिनेच केली, त्याने बोट ठेवलं तिथे.

"मग?" शिवरामनी विचारलं.

"मग उजवीकडची जखम पिकली. जिथे काहीच नव्हतं तिथली. पू यायचा. ड्रेसिंग करताना मी नाकाला रुमाल बांधायचो आणि ती माझ्याकडे बघत राहायची. त्यापायी केमो महिनाभर लांबली. पुढे रोग लिव्हरमध्ये गेला."

शिवरामनी तोंडातला घास कसाबसा गिळला. "खाताना काय हे, हरिहरराव!"

"म्हणजे केमो लांबली म्हणूनच त्या...?" पोपटराव अडखळले.

"डॉक्टरांना नाही सांगता आलं. एरवीही गेली असती कदाचित. पण तिचे ते दिवस मी नासवले."

त्याने बशी उचलून कागद काढला. "खालची ओळ वाचलीत? अशा लहान गाठीला किरणं घेतली तर दोन्हीत जगायची शक्यता सारखीच. जास्त कापलं म्हणजे जास्त सेफ, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"मग ठरवायचं कसं?"

"आपण नाही ठरवायचं."

तो आत गेला. गॅस बंद केला आणि कागद शालूच्या पुढ्यात धरला. तिने पदराला हात पुसले, तेलाचा डाग बघितला आणि उभ्याउभ्याच सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दादा, वहिनीला काय हवं होतं?"

"मी विचारलंच नाही गं."

शालू त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याची समजूत घातली नाही.

बाहेरून पोपटरावांचा आवाज आला, "शालू, अगं, पोह्यांचं काय झालं?"

"कढईत आहेत, घ्या हाताने," ती म्हणाली. मग स्टूल ओढून बसली. "दादा, पेन दे. किरणं किती दिवस घ्यावी लागतात, हे यात नाहीये. उद्या मी विचारणार आहे."