बगळ्याला चार गुण

ग्रंथपाल बाईंनी बगळा उलटा केला. कागदाच्या पाठीवर शिक्का नव्हता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्मा पुसल्याने शिक्के उमटत नसतात. कला विद्यालयाच्या त्या वाचनालयात पुस्तकं तर होतीच, शिवाय शिंपले, पिसं, कापडाचे नमुने, प्लास्टरचे हातपाय असं समोर ठेवून काढण्याजोगं बरंच काही होतं. पण वाचनालयाचं खरं धन म्हणजे विद्यालयाच्या पहिल्या चित्रशिक्षकांनी पेन्सिलीने काढलेले पक्षी. गुरुजींना जाऊन जमाना झाला होता. प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. उद्या ते सगळे पक्षी प्रदर्शनाला जायचे होते, आणि बाईंच्या हातात होती कुणा विद्यार्थिनीची नक्कल.

नकलेसाठी दिलेला पक्षी परत घेताना आधी उलटा करून पाहायचा, हा नियम बाईंनीच घातलेला. परवा नेमका फोन वाजत होता. त्या गडबडीत बगळ्याच्या चोचीला भुलून त्यांनी कागद तसाच आत ठेवून दिला. कागदही तसाच जाड, पिवळसर; नकलांसाठी तोच वापरायची पद्धत होती. आता प्राचार्यांना काय तोंड दाखवायचं? इतक्या वर्षांच्या चोख कामावर बोळा फिरणार होता.

बगळा नेणारी मुलगी वेंधळी होती, चोर नव्हती. तिने नक्कल इथे दिली असेल, तर मूळ चित्र कुठे गेलं असेल हे उघड होतं. बाई धापा टाकत जिना चढल्या.

रेखाटनाच्या सरांची खोली उघडी होती. सर नव्हते, टेबलावर तपासलेल्या नकलांचा गठ्ठा होता. विद्यार्थ्यांनी नाव पाठीमागे लिहायचं आणि आपण गुण देताना पाठ बघायची नाही, हा सरांचा खाक्या. माणूस सरळ होता, पण त्याच्या हातून गुण सुटायचे म्हणजे दगडातून पाणी निघायचं.

बाईंनी गठ्ठा पालथा केला. नाव, नाव, पुन्हा नाव. आणि मग जांभळा शिक्का.

त्यांच्या जिवात जीव आला. त्या मटकन सरांच्याच खुर्चीत बसल्या. बगळ्याला छातीशी धरावंसं वाटलं, पण पेन्सिल फिसकटली असती. एकट्याच हसत त्यांनी कागद सुलटा केला.

खालच्या कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘दहापैकी चार. रेषेत जीव नाही.’

बाईंचं हसू थांबलं. हे अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. याच विद्यालयात शिकत असताना त्यांनी काढलेल्या एका शिंपल्याखाली हेच शब्द लिहून आले होते, गुणही चारच. ‘बरं झालं, वेळेवर कळलं,’ आई म्हणाली होती. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल ठेवली ती कायमचीच.

“अहो बाई, तुम्ही इथे?” सर दारात उभे होते. शिंपलेवाली मुलगी त्यांच्या कधीच लक्षात राहिली नव्हती.

“हा बगळा, सर...”

“तो होय! यथातथाच आहे. पंख बघा की, लाकडी.”

बाईंनी कागद उलटा केला. सरांनी शिक्का पाहिला, आणि त्यांचे कान लालबुंद झाले.

“गुरुजींचा?”

“हो. मुलीची नक्कल खाली माझ्याकडे आहे.”

सर स्टुलावर टेकले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “प्राचार्यांना सांगणार तुम्ही?”

“सांगायचं तर मी कागद उलटा करून पाहिला नाही, हेही सांगावं लागेल.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं.

“पुसलं तर जाईल ना हो?”

“जाईल. तुम्ही दाबून लिहीत नाही.”

“द्या, मी पुसतो.”

“नको, सर. हे मला पुसू द्या.”

सरांच्याच टेबलावरचा मऊ रबर त्यांनी घेतला. आधी गुण पुसले. मग ओळीच्या शेवटाकडून सुरुवात केली. ‘नाही’ गेलं. ‘रेषेत जीव’ एवढंच उरलं, तेव्हा बाईंचा हात थांबला. डोळे भरून आले, आणि किती हलकं वाटलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग उरलेलंही त्यांनी पुसलं आणि कागदावर हळूच फुंकर मारली.

“तुम्ही कधी चित्रं काढायचात का?” सरांनी सहज विचारलं.

“काढते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी वाचनालय बंद करण्याआधी त्यांनी कपाटातला शिंपला उचलला, वस्तू नेणाऱ्याच्या कार्डावर पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं आणि तो रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. वाटेत दुकान लागत होतं. पेन्सिल तिथे मिळणार होती.