अंबूआत्याचे दोन गाल

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या, तेव्हा आत्याबरोबर आलेल्या ज्योतीचा हात सरळ वीस टक्केवालीकडे गेला. लग्न महिन्यावर आलेलं आणि चेहरा गावाकडच्या, अळणावरच्या उन्हात रापलेला. दहा टक्केवाली घेऊन काय, अर्धंच उजळायचं?

"व्हिटॅमिन सीचं सीरम अक्का, दोन्ही फॉरेनचीच," दुकानदार म्हणाला. "वीसवालं जरा कडक."

दुकानदाराच्या तोंडून 'जरा' निघालं की अंबूआत्या सावध व्हायची. हुबळी-धारवाडच्या मधोमध वसलेल्या नवनगरात, घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर होतं. कुणाच्या कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे तिला बरोबर कळे. तिने दोन्ही बाटल्या घेतल्या.

"आधी माझ्या तोंडावर. बिघडलं तरी तुझे काका काय आता मला माहेरी परत पाठवणार आहेत?"

रोज सकाळी उजव्या गालावर दहावालं, डाव्यावर वीसवालं. रंग नीट कळावा म्हणून आत्याने दर शुक्रवारी तोंडाला लावायची हळदसुद्धा बंद केली. नागोजीकाका चहा पिता पिता गाल न्याहाळत.

"हे धारवाड, ही हुबळी. मधलं नाक नवनगर!"

दुसऱ्या आठवड्यात हुबळी चांगलीच उजळली. पार्लरमधल्या बायकांनी एकमुखाने डाव्या गालाला कौल दिला. ज्योतीला तेवढंच हवं होतं. होणारी नणंद गोरीपान. मांडवात ती शेजारी उभी राहील तेव्हा लोक काय बोलतील, ही धास्ती तिच्या मनातून जात नव्हती.

"उद्यापासून मी लावते हं, आत्या."

त्याच संध्याकाळी शेजारच्या पार्वतीकडे हळदीकुंकू होतं. पार्वतीने हौसेने आत्याच्या दोन्ही गालांना हळद फासली. सवाष्णीने नको कसं म्हणायचं? घरी येईपर्यंत डावा गाल मिरची चोळल्यासारखा लाल झाला. सकाळी सालं निघायला लागली. उजव्याला काही म्हणजे काही नाही.

ज्योती काकडीचा गार कीस त्या गालावर ठेवत होती. 

"आत्या, माझ्या हळदीला तर सगळं गोत..."

"डोक्यापासून पायापर्यंत माखणार तुला," आत्या डोळे मिटून म्हणाली. "बाटलीबरोबरच्या त्या कागदात ऊन लिहिलंय, डोळे लिहिलेत. हळद कुठं लिहिलीय? त्या फॉरेनवाल्यांना काय ठाऊक, आपण नवरीला आधी उजळवतो नि मग पिवळी करतो!"

ज्योती हसली आणि हसता हसताच रडली.

मग तिने दहावालं लावलं, तेही हळदीच्या आठवडाभर आधी थांबवलं. चेहरा थोडा तुकतुकीत झाला, इतकंच. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन नणंद आली, बायकांनी तिला माखून टाकलं, आणि मग तिने नणंदेलाही माखलं. दोघी सारख्याच पिवळ्या! बाकी राहिली ती आत्या. डाव्या गालावरचा डाग पदराआड झाकून ती सगळ्यांच्या मागे उभी होती.

ज्योती उठली, तिला हाताला धरून आणलं आणि आपल्या पाटावर बसवलं. गालांना हात लावला नाही. हळदीची वाटी घेऊन खाली बसली.

"अगं, नवरी तू!" आत्या ओरडली. "आता माझे पाय उजळवतेस होय गं?"

"पाय पुढं घे की, आत्या," ज्योती म्हणाली.

आत्याने पाय पुढे केले. हळद लावून झाली तरी ज्योतीने ते बराच वेळ सोडले नाहीत.