चादर वाढली, पाय तेवढेच

मित्रांनो, एका लाँड्रीच्या मालकीणबाईंचं जुनं क्रेडिट कार्ड ते मीच. अंगावरचे आकडे घासून गुळगुळीत झालेत, एक कोपरा कापलेला आहे. तरी मला रिकामटेकडी समजू नका.

यंत्राने माझ्यावर नाव ठोकलं आणि पाकिटात घालून पोस्टाने धाडलं. बाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाल्या, "एवढासा तुकडा आणि तोरा केवढा!" पण साबण, नीळ, इस्त्रीच्या टेबलाचं कापड, सगळं माझ्यावरच येऊ लागलं. महिनाअखेरीस मी काठोकाठ भरत असे आणि बिल आलं की बाई मुदतीच्या आत पै न पै चुकवत. "आपलं कार्ड कधी रिकामं नसतं आणि कुणाचा पैसा कधी बुडत नाही," असं शेजारणीला मुद्दाम ऐकवत. मीही फुगून बसे.

मग धुण्याचं मोठं मशीन बंद पडलं. गेस्ट हाउसच्या चादरी सूनबाई हाताने पिळू लागली, तिची मनगटं सुजली. गेस्ट हाउसवाल्याने बजावलं, उशीर झाला तर काम दुसरीकडे देईन. काम गेलं की लाँड्रीच बंद! बाई मला पर्समध्ये घालून दुसऱ्या बँकेत कर्ज मागायला गेल्या.

"आजी, आत्ता कर्ज देता येणार नाही," तिथले साहेब म्हणाले.

"आजी घरी. इथे मी गिऱ्हाईक. कारण सांगा."

"कर्जाच्या नोंदीत तुमचं कार्ड दर महिन्याला गळ्यापर्यंत वापरलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, हात तंग आहे."

"अहो, पण फेडते की वेळेवर!"

"म्हणून तर बसवून बोलतोय. कार्डवाली बँक खर्चाची मर्यादा वाढवून देतेय का?"

देत होती. तसे मेसेज येत आणि बाई चिडून पुसून टाकत.

"मग घ्या वाढवून. खर्च मात्र आहे तेवढाच ठेवा, म्हणजे मोठ्या मर्यादेत तो कमी दिसेल. आणि चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका. त्याची नोंद राहते, बघणारा बिचकतो. काही महिन्यांनी या."

ज्याचा आम्हा दोघींना ताठा, नेमकं तेच आडवं आलं!

माझी मर्यादा दुप्पट झाली. मुलगा उड्या मारत आला. "आई, आता मोठा टीव्ही घेऊ!"

"चादर मोठी आली म्हणून पाय वाढतात का रे? ते टोक धर आणि पीळ."

सूनबाई तोंड फिरवून हसली. तेव्हापासून तिघं मिळून चादरी पिळू लागले. बाईसुद्धा पदर खोचून उभ्या राहत. मी अर्धी रिकामी राहते हे त्यांना रुचत नसे. "पाहुण्याला अर्धा कप चहा दिल्यासारखं वाटतं बाई," असं पुटपुटत. पण साबणापलीकडे हात गेला नाही.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच साहेबांसमोर.

"आता छान दिसतंय," ते म्हणाले. "फक्त एवढी मर्यादा हाताशी आहे. उद्या सगळीच उचललीत तर? आमचे वरचे साहेब हेही विचारतात."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. साबणाने सोललेले, बोटांना भेगा पडलेले.

"उचलायची असती तर हे हात असे झाले असते का? वरच्यांना तेवढं सांगा."

कर्ज मंजूर झालं. नवं मशीन आलं, गेस्ट हाउसचं काम टिकलं आणि सूनबाईच्या मनगटांची सूज उतरली.

पुढे माझी मुदत संपली. सूनबाईने चिपचा कोपरा कापला आणि मला फेकायला निघाली. बाई कडाडल्या, "ठेव ते! कामाच्या माणसाला असं हाकलतात का?" आता मी मशीनच्या शेजारी खिळ्याला लटकते. त्याच्या जाळीत धागे तुंबले की मला काढून माझ्या कडेने ती खरवडतात. जाळी गच्च भरली तर पाणी पुढे सरकत नाही, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी धाकटी बहीण असेल. तिला गळ्यापर्यंत भरू नका. मोठी झाली म्हणून तिच्या डोक्यावर नवं ओझंही देऊ नका. तिच्यातली मोकळी जागाच उद्या तुमच्यासाठी दुसऱ्याचं दार उघडेल.

थांबा, मशीन तुंबून थांबलं वाटतं. ऐका, बाई विचारतायत, "अगं, आपलं कार्ड कुठंय?"